वराहांसाठी स्वयंचलित खाद्य व पाणी यंत्रणा: नव्याने आराखडा करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

वराहपालनात खाद्य आणि पाणी आपोआप पोहोचवणारी यंत्रणा बसवायची म्हटले की बहुतेकांचे लक्ष आधी मोटार, टायमर आणि नियंत्रण पेटीकडे जाते. ही यंत्रणा मी आराखड्यापासून उभी करून चालवली आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो, की कामाचा क्रम याच्या नेमका उलटा हवा. आधी जनावराचे तोंड जिथे लागते ती जागा ठरवावी, म्हणजे निपलची (जनावराने तोंडात धरताच पाणी सोडणाऱ्या तोटीची) उंची आणि गव्हाणीची पुढची कड. मग हॉपर, म्हणजे गव्हाणीवरची खाद्य साठवणारी पेटी, त्यानंतर खाद्य वाहून नेणारा पाइप आणि सर्वांत शेवटी नियंत्रण. शेवटच्या हातभर अंतरातील चूक कितीही महागड्या नियंत्रकाने भरून निघत नाही. उलट तेवढी जागा नीट साधली, तर साध्या टायमरवरही यंत्रणा वर्षानुवर्षे चालते.

हा लेख लहान आणि मध्यम आकाराच्या शेडसाठी आहे. पुढे दिलेले आकडे आराखड्याच्या सुरुवातीला धरायचे आहेत. जात, हवामान आणि खाद्याचा प्रकार यांनुसार त्यांत थोडाफार फरक करावा लागेल.

१. सुरुवात करण्यापूर्वी जमवायच्या गोष्टी

कागदपत्रे आणि माहिती:

- शेडचा मोजमापांसह नकाशा. त्यात कप्पे, जमिनीचा उतार, गटाराची दिशा आणि विजेची जोडणी दाखवलेली असावी.
- कळपाचे वेळापत्रक, म्हणजे कोणत्या वजनाची किती जनावरे कोणत्या कप्प्यात किती दिवस राहणार.
- पाण्याच्या प्रयोगशाळा तपासणीचा अहवाल. त्यात विरघळलेले क्षार, सामू (पीएच), लोह आणि जंतू एवढे तरी असावे.
- खाद्य भरडा आहे की गोळी, आणि भरडा असल्यास तो किती बारीक आहे, याची पुरवठादाराकडून मिळालेली माहिती.

साधने: मोजपट्टी, एक लिटरचे खुणा असलेले भांडे, सेकंद दाखवणारे घड्याळ, दाबमापक, २० किलोपर्यंतचा काटा, कोनमापक, मल्टिमीटर आणि एक वही. वही यादीत शेवटी असली तरी सर्वाधिक उपयोगी तीच पडते.

२. कळपाची रोजची गरज आधी कागदावर मांडा

वाढत्या वयाचे २० किलोचे डुक्कर दिवसाला साधारण १ किलो, ५० किलोचे सुमारे २ किलो आणि १०० किलोच्या आसपासचे अडीच ते तीन किलो सुके खाद्य खाते. गाभण मादीला सामान्यतः २ ते अडीच किलो मोजूनच दिले जाते, कारण पोटभर दिल्यास तिच्या अंगावर चरबी चढते आणि वेताच्या वेळी त्रास होतो. पिल्ले पाजणाऱ्या मादीचे मात्र उलट आहे. ती ५ ते ७ किलो खाऊ शकते आणि तिला तेवढे मिळाले नाही तर दूध घटते.

पाण्याचा हिशोब खाद्यावरून करता येतो. डुक्कर जितके किलो सुके खाद्य खाते, त्याच्या दुप्पट ते तिप्पट लिटर पाणी पिते. माद्या मात्र याहूनही जास्त पितात. ढोबळमानाने नुकतीच दूध तोडलेली पिल्ले दिवसाला १ ते ३ लिटर, वाढीची जनावरे ४ ते ७ लिटर, विक्रीच्या वजनाजवळची ५ ते १० लिटर, गाभण मादी १२ ते २० लिटर आणि पिल्ले पाजणारी मादी २० ते ४० लिटर पाणी घेते. उन्हाळ्यात हे आकडे बरेच वाढतात आणि सांडलवंड वेगळीच, त्यामुळे आराखड्यात नेहमी वरचा आकडा धरावा.

पुढील गणितांसाठी एक उदाहरण घेऊ. शेडमध्ये १० कप्पे, प्रत्येकात १२ जनावरे आणि ती १०० किलोपर्यंत वाढवायची आहेत. म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त सुमारे ३४० किलो खाद्य आणि १,२०० लिटर पाणी लागेल.

३. पाण्यापासून सुरुवात करा

खाद्य एक वेळ उशिरा मिळाले तर जनावर आरडाओरडा करते, पण सावरते. पाण्याचे तसे नाही. पाणी दीर्घकाळ, विशेषतः चोवीस तासांहून अधिक बंद राहिले तर शरीरातील मिठाचे प्रमाण बिघडून मेंदूवर परिणाम होतो. जनावर आंधळ्यासारखे भटकते, भिंतीला डोके टेकवते, त्याला झटके येतात. अशा वेळी घाईघाईने एकदम भरपूर पाणी सोडल्यास स्थिती आणखी बिघडते. थोडे थोडे पाणी अंतराअंतराने द्यावे आणि पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे. म्हणून यंत्रणेतील पहिला पैसा आणि पहिला वेळ पाण्यावर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

*निपल की वाटी?* निपल स्वस्त असते, स्वच्छ राहते आणि त्यात विष्ठा पडत नाही. मात्र चुकीच्या उंचीवर बसवल्यास ते भरपूर पाणी वाया घालवते. वाटीतून सांडलवंड कमी होते आणि लहान पिल्लांना ती लवकर समजते, पण तिच्यात खाद्य आणि घाण साठते, त्यामुळे ती रोज पाहावी लागते. नवख्यांनी वाढीच्या जनावरांसाठी चावून उघडणारे निपल आणि नुकत्याच दूध तोडलेल्या पिल्लांसाठी उथळ वाटी घ्यावी. ज्या घरात रोज वाटी धुणारा माणूस नाही, तिथे वाटीच्या भानगडीत पडू नये.

*संख्या.* साधारण १० जनावरांमागे एक निपल धरतात, पण कप्प्यात कितीही कमी जनावरे असली तरी दोन निपले हवीतच. एक अडकले तर दुसरे चालू राहते, आणि दांडगे जनावर एका निपलासमोर ठाण मांडून बसले तरी दुबळ्याला प्यायला वाट राहते. दोन निपलांमध्ये वाढीच्या जनावरांसाठी किमान ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. कोपऱ्यात निपल बसवू नये, कारण तिथे अडकलेल्या जनावराला मागे सरकता येत नाही.

*उंची.* निपल भिंतीतून सरळ आडवे बाहेर येत असेल तर ते जनावराच्या खांद्याच्या उंचीवर असावे. खाली ४५ अंशांत झुकलेले असेल तर कप्प्यातील सर्वांत लहान जनावराच्या पाठीपेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर वर. एकदा कप्प्याबाहेर शांत उभे राहून जनावर पिताना पाहा. उंची बरोबर असेल तर ते मान किंचित वर करून निपल तोंडात समोरून घेते आणि पाणी घशात जाते. निपल खाली असेल तर ते डोके तिरके करून जबड्याच्या बाजूने चावते आणि निम्मी धार गालावरून जमिनीवर ओघळते. ओली जमीन, भरलेले गटार आणि पाण्याचे फुगलेले आकडे यांचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. जनावरे वाढतात, म्हणून निपल वर-खाली सरकवता येईल अशा खाचांच्या पट्टीवर बसवावे आणि दर दोन-तीन आठवड्यांनी उंची बदलावी.

*प्रवाह.* दूध तोडलेल्या पिल्लांसाठी मिनिटाला अर्धा ते एक लिटर, वाढीच्या जनावरांसाठी सुमारे एक लिटर, विक्रीच्या वजनाजवळ एक ते दीड लिटर आणि पिल्ले पाजणाऱ्या मादीसाठी किमान दोन लिटर प्रवाह हवा. मापन सोपे आहे. निपल दाबून धरावे, ३० सेकंद भांड्यात पाणी घ्यावे आणि दुप्पट करावे. प्रवाह कमी पडला तर मादी निपलापाशी ताटकळत न थांबता अर्धवट पिऊन आडवी होते. मग ती खातेही कमी. पिल्ले रोडावलेली दिसतात आणि दोष मात्र खाद्याला दिला जातो. प्रवाह फार असेल तर लहान पिल्लू फवाऱ्याला घाबरून निपलाकडे फिरकत नाही.

४. टाकी, दाब आणि पाइप

उंच टाकीतून नुसत्या उताराने पाणी देणे नवख्यांसाठी सर्वांत भरवशाचे, कारण वीज गेली तरी पाणी चालू राहते. टाकी किमान एका दिवसाचे पाणी साठवणारी असावी. आपल्या उदाहरणात १,२०० लिटर, पण मी १,५०० च्या खाली जाणार नाही. टाकीला घट्ट झाकण, सावली आणि तळाशी गाळ काढण्याची तोटी असावी. पाणी बाहेर घेणारा पाइप तळापासून थोडा वर लावावा, म्हणजे गाळ पाइपात येत नाही.

आता दाब. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब मिळतो, म्हणजे ३ मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब जेमतेम ०.३ बार असतो. बाजारात निपले कमी दाबाची आणि जास्त दाबाची अशी वेगवेगळी मिळतात. दिसायला ती सारखी असली तरी आतले छिद्र वेगळे असते. जास्त दाबाचे निपल उंच टाकीवर लावले तर पाणी थेंबथेंब येते. कमी दाबाचे निपल पंपाच्या थेट लाइनवर लावले तर फवारा उडतो. खरेदी करताना टाकीची उंची सांगूनच निपल मागावे. पंपाची लाइन असेल तर दाब कमी करणारा नियंत्रक लावून तो सुमारे १.४ बारच्या खाली आणावा.

पाइपाचा व्यास निवडताना लोक सर्वाधिक काटकसर करतात आणि तिथेच फसतात. जनावरे दिवसभर सारखे पाणी पीत नाहीत. खाणे झाल्यावर सगळी एकदम निपलाकडे येतात. २० निपलांपैकी निम्मी एकाच वेळी उघडी धरली तर लाइनमधून मिनिटाला १० लिटर पाणी जायला हवे. ४० मीटर लांबीच्या, आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपातून एवढे पाणी नेताना घर्षणातच तीन ते चार मीटर उंचीइतका दाब खर्च होतो. म्हणजे ३ मीटरच्या टाकीवर शेवटच्या कप्प्याला काहीच उरत नाही. तोच पाइप आतून २५ मिलिमीटरचा घेतला तर हा तोटा अर्ध्या मीटरच्याही आत राहतो. तेव्हा मुख्य लाइन जाड घ्यावी आणि फक्त कप्प्यातले उतरते पाइप १५ मिलिमीटरचे ठेवावेत. हे उतरते पाइप धातूचे असावेत, कारण जनावराच्या तोंडाला येईल असा प्लास्टिकचा पाइप चार दिवसांत चघळला जातो.

टाकीनंतर लगेच धुता येणारी बारीक जाळी, प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र बंद करण्याची तोटी आणि लाइनच्या शेवटच्या टोकाला सगळे पाणी काढून टाकता येईल असा व्हॉल्व्ह, या तीन गोष्टी वगळू नयेत. पाइप उन्हात ठेवला तर दुपारी त्यातले पाणी इतके तापते, की ज्या वेळी जनावराला पाण्याची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी ते तोंड फिरवते. पाइप छपराच्या पत्र्याला चिकटवून नेऊ नये. जमिनीखालून किंवा सावलीतून न्यावा.

पाण्याच्या गुणवत्तेविषयी थोडक्यात. विरघळलेले क्षार लिटरमागे १,००० मिलिग्रॅमपर्यंत असतील तर पाणी चांगले समजावे. ३,००० च्या पुढे, विशेषतः लहान पिल्लांना जुलाब होऊ शकतात, आणि ७,००० च्या वरचे पाणी वापरूच नये. पाण्यात लोह जास्त असेल तर पाइपात चिकट थर धरतो आणि निपले वारंवार तुंबतात. असे पाणी आधी गाळून घेतल्याशिवाय निपलाच्या लाइनला जोडू नये.

५. निपल आणि गव्हाण कुठे असावी

डुक्कर जात्याच स्वच्छ असते. जागा पुरेशी असेल तर ते झोपण्याची आणि खाण्याची जागा कोरडी ठेवते आणि ओल्या, गार कोपऱ्यात विष्ठा टाकते. याचा फायदा घ्यावा. निपले गटाराच्या बाजूला आणि गव्हाण उंच, कोरड्या बाजूला ठेवावी. निपल झोपण्याच्या बाजूला बसवले तर सगळा कप्पाच शौचालय होतो आणि नंतर कितीही धुतले तरी जनावरांची सवय मोडत नाही.

गव्हाण दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीत बसवली तर एक हॉपर दोन्ही बाजूंना पुरतो आणि खाद्य खाली आणणारे उतरते पाइप निम्मे होतात. फक्त मग एका कप्प्याला वेगळे औषध किंवा वेगळे खाद्य देता येत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

६. गव्हाणीची मापे

पहिला प्रश्न असा, की खाद्य दिवसभर उपलब्ध राहणार की ठरावीक वेळी मोजून दिले जाणार? दिवसभर उपलब्ध असेल तर जनावरे पाळीपाळीने खातात आणि सुमारे १० जनावरांमागे एक जागा चालू शकते. तरी नवख्यांनी चार-पाच जनावरांमागे एक जागा ठेवावी, भांडणे कमी होतात. मोजून द्यायचे असेल तर प्रत्येक जनावराला स्वतंत्र जागा हवी, नाहीतर दांडगे जनावर दोन वाटे खाते आणि दुबळे उपाशी राहते.

एका जागेची रुंदी खांद्याच्या रुंदीपेक्षा दहा टक्के जास्त ठेवावी. १०० किलोच्या जनावराचा खांदा सुमारे २९ ते ३० सेंटिमीटर असतो, म्हणून जागा ३२ ते ३४ सेंटिमीटर. फार रुंद ठेवली तर दोन जनावरे एकाच जागेत घुसतात आणि भांडतात. जागांच्या मध्ये डोक्यापुरता आडोसा असावा. पूर्ण अंगाएवढा अडथळा सहसा लागत नाही.

पुढची कड लहान पिल्लांसाठी १० ते १२ सेंटिमीटर आणि मोठ्या जनावरांसाठी १५ ते २० सेंटिमीटर उंच असावी. कडेचा वरचा काठ आत वळवलेला असेल तर नाकाने उडवलेले खाद्य परत आत पडते. हा वळवलेला काठ धारदार राहू नये. पत्रा नुसता कापून सोडला तर ओठ फाटतात. वेल्डिंगच्या गाठी घासून गुळगुळीत कराव्यात आणि गव्हाणीच्या तळाचे कोपरे गोल ठेवावेत, कारण काटकोनात साचलेले ओले खाद्य आंबते.

गव्हाणीचा खालचा भाग लाळ, मूत्र आणि आंबलेले खाद्य यांच्या सतत संपर्कात असतो. तिथे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा लवकर गंजतो. तळासाठी ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे, हॉपरचा वरचा भाग जस्ताच्या पत्र्याचा चालतो. गव्हाण जमिनीला आणि भिंतीला पक्की बोल्ट करावी. शंभर किलोचे जनावर नाकाने काय उचलू शकते, याचा अंदाज नवख्याला नसतो.

हॉपरमधून खाद्य खाली येते ती *फट* ही साऱ्या यंत्रणेतील सर्वांत नाजूक जागा. फट सरकपट्टीने किंवा स्क्रूने कमी-जास्त करता यायला हवी. मोठ्या जनावरांसाठी गव्हाणीचा साधारण निम्मा तळ खाद्याने झाकलेला आणि निम्मा दिसणारा, ही योग्य स्थिती. संपूर्ण तळ झाकला असेल तर खाद्य उकरून बाहेर टाकले जाते. तळ चाटून चकचकीत झाला असेल तर फट अपुरी आहे. पिल्ले नवी असताना पहिले काही दिवस फट थोडी जास्त ठेवावी, मग हळूहळू कमी करावी. फट बिघडलेली असेल तर दहा टक्क्यांहून अधिक खाद्य सहज वाया जाते, आणि वराहपालनाच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा सर्वांत मोठा असल्याने हा तोटा थेट नफ्यातून जातो.

गव्हाणीतच निपल बसवून ओले-सुके खाद्य देण्याची पद्धतही आहे. जनावरे त्यावर जास्त खातात आणि पाण्याची नासाडी कमी होते. पण कप्प्यात गव्हाणीबाहेरही एक स्वतंत्र निपल ठेवावेच.

७. हॉपरचा आकार आणि उतार

उदाहरणातील कप्प्याला दिवसाला ३४ किलो खाद्य लागते. दीड दिवसाचा साठा म्हणजे सुमारे ५० किलो. भरड्याचा घनमीटरमागे भार साधारण ६०० किलो धरला तर ८३ लिटर जागा लागते. वरची मोकळी जागा धरून १०० लिटरचा हॉपर करावा. यापेक्षा मोठा हॉपर करण्याचा मोह टाळावा. दमट हवेत तीन-चार दिवस पडून राहिलेल्या भरड्याला कोपऱ्यांत बुरशी धरते, आणि बुरशीचे विष जनावराच्या वाढीवर आणि प्रजननावर परिणाम करते.

हॉपरच्या उतरत्या बाजू आडव्या रेषेपासून किमान ६० अंशांत हव्यात. गोळी खाद्य याहून कमी उतारावरही घसरते, बारीक भरडा मात्र घसरत नाही. तो तोंडाशी कमान धरतो. वरून हॉपर भरलेला दिसतो आणि खाली गव्हाण कोरडी असते. बाहेरून टिचकी मारून आवाज ऐकल्यास खालचा पोकळ भाग लगेच कळतो. आतमध्ये बोल्टची डोकी, पट्ट्या किंवा वेल्डिंगच्या कडा पुढे आलेल्या ठेवू नयेत. तोंडाशी एक लोंबती दांडी ठेवावी, तिचे टोक गव्हाणीत यावे. जनावर खेळताना दांडी हलवते आणि कमान मोडते. पत्रा कापण्यापूर्वी पुठ्ठ्याचा नमुना करून त्यातून तुमचाच भरडा सोडून पाहणे हा एका दुपारचा उद्योग आहे, पण त्याने पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

स्वयंपाकघरातील उरलेले अन्न अशा हॉपरमधून देता येत नाही. शिवाय कच्चे किंवा नीट न उकळलेले उरलेले अन्न हा आफ्रिकन स्वाइन फीव्हरसारख्या रोगाच्या प्रसाराचा परिचित मार्ग आहे.

८. साठ्यापासून गव्हाणीपर्यंत

सरळ आणि आखूड मार्गासाठी पाइपात फिरणारा मळसूत्री ऑगर पुरतो. वळणे अनेक असतील तर साखळीवर प्लास्टिकच्या चकत्या बसवलेली वाहिनी अधिक चांगली. ती काटकोनी वळणेही घेते आणि गोळ्यांचा चुरा कमी करते. दोन्हींत पाइप गव्हाणींच्या वरून नेऊन प्रत्येक हॉपरवर एक उतरता पाइप सोडतात. हॉपर भरला की त्याचा उतरता पाइप आपोआप भरून बंद होतो आणि खाद्य पुढच्या हॉपरकडे जाते. या सोप्या तत्त्वामुळे प्रत्येक हॉपरला वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही.

क्षमतेचा हिशोब असा. दिवसाला ३४० किलो खाद्य न्यायचे आहे आणि ऑगर मिनिटाला १० किलो देतो, तर एकूण ३४ मिनिटे लागतात. दिवसात दोन फेऱ्या केल्या तर प्रत्येकी १७ मिनिटे. विक्रेता बहुधा याहून मोठा ऑगर सुचवतो. त्याची गरज नसते.

मोजून एकाच वेळी खाद्य द्यायचे असेल तर प्रत्येक जागेवर खुणा असलेला माप-डबा बसवावा. ऑगर सगळे डबे आधी भरतो, मग एक दोरी किंवा दांडा ओढून सर्व एकदम उघडतात, त्यामुळे शेवटच्या कप्प्यातील गोंगाट आणि धक्काबुक्की होत नाही. हे डबे आकारमान मोजतात, वजन नव्हे. खाद्याची प्रत बदलली की दहा डब्यांतील खाद्य काट्यावर मोजून खुणा पुन्हा लावाव्यात.

प्रत्येक मादीच्या कानातील टॅग ओळखून तिच्यापुरते खाद्य देणारी केंद्रेही असतात आणि एका केंद्रावर ४० ते ६० माद्या सांभाळता येतात. पहिल्या यंत्रणेसाठी मात्र मी ती सुचवणार नाही. माद्यांना शिकवावे लागते आणि केंद्र बंद पडले तर सगळा गट उपाशी राहतो.

९. नियंत्रण आणि वीज

एक डिजिटल टायमर, मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा एक कॉन्टॅक्टर, मोटारीला जास्त भारापासून वाचवणारा रिले आणि शेवटच्या हॉपरमध्ये एक सेन्सर, एवढ्यावर काम भागते. टायमर ठरलेल्या वेळी मोटार चालू करतो आणि शेवटचा हॉपर भरल्याचे सेन्सरने सांगितले की मोटार बंद होते. खाद्याच्या धुळीने सेन्सरवर थर बसतो आणि तो हॉपर रिकामा असतानाही भरलेला सांगू लागतो. म्हणून सेन्सर पुसणे आठवड्याच्या कामांत लिहून ठेवावे.

याला जोडून कमाल वेळेची मर्यादा लावणे आवश्यक आहे. फेरी नेहमी १७ मिनिटांत संपत असेल तर २५ मिनिटांनंतर मोटार बंद होऊन घंटा वाजली पाहिजे. साठा रिकामा होणे, ऑगर तुटणे किंवा सेन्सर बिघडणे, या तिन्ही गोष्टी त्यामुळे वेळेत कळतात. फार लवकर बंद झालेली फेरीही तितकीच संशयास्पद समजावी.

वजन मोजणारे लोडसेल बसवायचे असतील तर ते बाहेरच्या मुख्य साठ्याखाली बसवावेत. कप्प्यातील हॉपरला जनावरे अंग घासतात आणि आकडे निरर्थक होतात.

शेडमध्ये ओल, अमोनिया आणि उंदीर हे तिन्ही विजेचे शत्रू असतात. नियंत्रण पेटी आयपी ६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाऊ देणारी, आणि शक्यतो शेडबाहेर असावी. तारा धातूच्या नळीतून न्याव्यात, गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर तोडणारा स्विच बसवावा आणि गव्हाणीसह सर्व धातूच्या भागांना अर्थिंग करावे. निपलाला वीज लागत आहे, अशी शंका येण्याइतका थोडासा प्रवाहही जनावराला पाण्यापासून दूर ठेवतो. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. ऑगरच्या उघड्या तोंडांवर जाळी आणि माणसाच्या हाताशी आपत्कालीन बंद बटण असावे. दुरुस्तीपूर्वी मुख्य वीज तोडून तिथे कुलूप लावावे, कारण टायमर कोणाचा हात आत आहे हे पाहत नाही.

१०. जनावरे आणण्यापूर्वीची चाचणी

सर्व पाइप भरून शेवटच्या टोकातून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडावे. निम्मी निपले एकाच वेळी उघडी धरून सर्वांत लांबच्या निपलाचा प्रवाह मोजावा. एकट्या निपलाचा प्रवाह मोजून समाधान मानणे हा नेहमीचा सापळा आहे. खाद्याच्या दोन पूर्ण फेऱ्या चालवाव्यात आणि प्रत्येक हॉपरमध्ये किती पडले ते पाहावे. मग वीज मुद्दाम बंद करावी आणि हाताने खाद्य देण्याची व्यवस्था प्रत्यक्ष चालते का, तेही तपासावे.

११. पहिले आठवडे

नव्या पिल्लांना निपल ठाऊक नसते. पहिला दिवसभर एका निपलात काडी अडकवून थेंब गळत ठेवावेत, म्हणजे ती आवाजाने तिकडे वळतात. दुसऱ्या दिवशी काडी काढावी. एखादे पिल्लू पोट आत गेलेले आणि कोपऱ्यात सुस्त दिसले तर त्याला हाताने निपलापर्यंत न्यावे.

मुख्य लाइनवर पाण्याचे मीटर बसवून रोज ठरावीक वेळी आकडा वहीत लिहावा. आजाराची लक्षणे डोळ्यांना दिसण्याआधी बहुधा पाणी पिणे घटते. आकडा एकदम खाली आला तर आधी जाळी आणि निपले तपासावीत, ती ठीक असतील तर जनावरांचे तापमान घ्यावे. आकडा एकदम वाढला तर गळती शोधावी.

रोजच्या कामात प्रत्येक निपल हाताने दाबून पाहणे, प्रत्येक गव्हाणीचा तळ पाहणे आणि ओले खाद्य खरवडून काढणे एवढे येते. आठवड्यातून एकदा प्रत्येक कप्प्यातील एका निपलाचा प्रवाह मोजावा आणि हॉपर पूर्ण रिकामा होऊ देऊन मगच भरावा, म्हणजे जुने खाद्य तळाशी अडकून राहत नाही. पाण्यातून औषध दिले असेल तर ते संपल्यावर लाइन धुवावी, नाहीतर औषधासोबत आलेल्या गोडसर द्रव्यावर पाइपात जंतूंचा चिकट थर वाढतो. दोन तुकड्यांच्या मधल्या काळात, शेड रिकामे असताना, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने योग्य प्रमाणात क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लाइनमध्ये भरून ठेवावे. नंतर शेवटच्या टोकापासून भरपूर पाणी सोडावे आणि सुटलेला थर निपलांत अडकलेला नाही ना, हे प्रत्येक निपल उघडून पाहावे.